हिरव्या पानाची साक्ष

मृगाचा पाऊस झाला की खान्देशातील वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. युरियाचा तुटवडा. कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते, पॉस यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून कुणी म्हातारा परत फिरतो, 'दोन गोण्या युरिया हवा असेल तर हे दुसरे औषधही घ्यावे लागेल' असे दुकानदार सांगतो, आणि त्या 'लिंकिंग'विरुद्ध तहसील कचेरीवर निवेदन जाते. जळगाव काय आणि धुळे काय, चोपडा काय आणि शिरपूर काय, गावाचे नाव बदलते, बातमी तीच राहते.

दुसरी बातमी मात्र आतल्या पानावर आली आणि तिथेच राहिली. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या भूजल गुणवत्ता अहवालात, ज्या जिल्ह्यांच्या भूगर्भातील पाण्यात नायट्रेटचे प्रमाण विशेष चिंताजनक आढळले अशा देशातील पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. त्यांत महाराष्ट्राचे सात जिल्हे आहेत : वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि जळगाव. महाराष्ट्रात तपासलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी जवळजवळ ३६ टक्के नमुने नायट्रेटची मर्यादा ओलांडून गेले होते. मर्यादेबाहेर नायट्रेट सापडलेले जिल्हे देशात २०१७ साली ३५९ होते, ते २०२३ साली ४४० झाले.

पहिली बातमी सांगते की आपल्याकडे नत्र कमी पडते आहे. दुसरी सांगते की आपल्या विहिरींत नत्र जास्त झाले आहे. युरिया आणि नायट्रेट या एकाच नत्राच्या दोन अवस्था आहेत. मग एकाच जिल्ह्यात एकाच वेळी नत्राची टंचाई आणि नत्राचा अतिरेक कसा असू शकतो? या लेखाचा विषय एवढाच आहे. आणि तो केवळ शेतकऱ्यांचा विषय नाही. ज्याच्या घरात विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी येते आणि ज्या घरात तान्हे मूल आहे, अशा प्रत्येकाचा आहे.

गोणीचा हिशेब

बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणत्याही गोष्टीकडे आधी आकड्यांतून पाहण्याची सवय जात नाही. युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. म्हणजे नत्राचा एक किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. आता डीएपीची गोणी घ्या. ५० किलोची, १,३५० रुपयांची. तिच्यात नऊ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. नत्राची किंमत युरियाच्या भावाने वजा केली, तर स्फुरदाचा किलो पडतो त्रेपन्न-चौपन्न रुपयांना. पिकाला दोन्ही हवीत, पण एक तेरा रुपये किलो आणि दुसरे त्याच्या चौपट. अशा बाजारात माणूस कशाकडे हात वाढवील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

ही तफावत आभाळातून पडलेली नाही. ऑगस्ट १९९२मध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांवरील किंमत-नियंत्रण उठवले, युरियावरचे ठेवले. एप्रिल २०१०मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, तीही युरियाला वगळूनच. २०१८मध्ये ५० किलोची गोणी ४५ किलोची झाली. किलोमागे दर तोच राहिला. या सर्व काळात डिझेल वाढले, मजुरी वाढली, बियाणे वाढले. युरिया मात्र त्या मानाने फारच थोडा हलला. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२-२३मध्ये सरकारचा खतांवरील अनुदानाचा बोजा अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला, त्यातला मोठा वाटा युरियाचा होता. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण आपल्याकडे आदर्श मानले जाते. ते कागदावर राहिले आणि शेत नत्राकडे कलत गेले.

अनुदानाची ही भिंत एकाएकी पाडावी असे मी म्हणणार नाही. श्रीलंकेने २०२१ साली एका फर्मानाने रासायनिक खते बंद केली, भाताचे आणि चहाचे उत्पादन कोसळले आणि काही महिन्यांत फर्मान मागे घ्यावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी हवेतील नत्र कारखान्यात बांधण्याची कला सिद्ध केली नसती, तर आजच्या जगातली कितीतरी ताटे रिकामी राहिली असती. थळ आणि ट्रॉम्बे येथील कारखान्यांतून निघालेल्या गोण्यांनी महाराष्ट्राची धान्याची कोठारे भरली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तेव्हा युरिया हवा की नको हा प्रश्नच नाही. कधी हवा आणि किती हवा, हा प्रश्न आहे.

केळीची भूक

खान्देशात या प्रश्नाला धार येते ती केळीमुळे. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, मुक्ताईनगर, चोपडा हा तापीकाठचा काळ्या गाळाचा पट्टा म्हणजे देशातील केळीचे आगर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांनी या पट्ट्याचे रूप गेल्या तीस वर्षांत पालटून टाकले.

केळी हे खादाड पीक आहे. आपल्याकडे एका झाडाला साधारण २०० ग्रॅम नत्राची शिफारस केली जाते. पाच फूट बाय पाच फूट लागवड असेल, तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. गुणाकार केला की हेक्टरी नत्र होते सुमारे ८९० किलो. गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र पुष्कळ झाले असे आपण मानतो; केळी त्याच्या सातपटीहून अधिक मागते. एकराच्या हिशेबाने सांगायचे तर युरियाच्या सतरा-साडेसतरा गोण्या. शिफारशीबाहेर जाऊन शेजाऱ्याचा बाग आपल्यापेक्षा काळाभोर दिसतो म्हणून टाकलेल्या दोन-चार गोण्या वेगळ्याच.

आता या सतरा गोण्यांची किंमत किती? साडेचार-पावणेपाच हजार रुपये. रोपे, ठिबक, मजुरी, घडांना पिशव्या, पालाश, औषधे असा सारा खर्च धरला तर एकरी लाखाच्या पुढे जाणाऱ्या पिकात ही रक्कम किरकोळ आहे. समजा शेतकऱ्याने काटेकोर राहून पाव भाग युरिया वाचवला, तर त्याचे वाचतील अकराशे-बाराशे रुपये. भाव मध्यम असेल तर ही पाच-सहा घडांची किंमत. बागेत झाडे आहेत अठराशे. त्यांतली पाच-सहा जरी नत्रावाचून मागे पडली, तरी बचत धुऊन निघाली.

यावल तालुक्यातील एका जुन्या खातेदाराने हेच मला बागेच्या बांधावर उभे राहून चार शब्दांत सांगितले होते. 'साहेब, तुमच्या बँकेचा विमा महाग. हा स्वस्त,' असे म्हणून त्यांनी युरियाच्या रिकाम्या गोणीकडे बोट केले. मला त्यात अडाणीपणा दिसला नाही. चोख व्यवहार दिसला. जादा युरिया हा या भागातील सर्वात स्वस्त पीकविमा आहे. त्याचा हप्ता शेतकरी थोडासा भरतो, सरकार बराचसा भरते. आणि उरलेला हप्ता कुणाला न सांगता गावाच्या विहिरीकडून वसूल होतो.

पान काय बोलते?

पिकाला नत्र कमी पडते आहे की पुरेसे आहे, हे पिकालाच विचारता येते का? येते. कारण पानाचा हिरवा रंग आणि नत्र यांचे नाते रक्ताचे आहे. पानाला हिरवे करणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. नत्र घटले की हरितद्रव्य घटते आणि पान फिकट पडते. आपले आजोबा-पणजोबा पान पाहूनच खत घालीत. परंतु डोळ्याच्या मापात दोन दोष आहेत. सकाळी, दुपारी, ढगाळ दिवशी तेच पान वेगळे दिसते. आणि पिवळेपणा डोळ्याला जाणवेपर्यंत पिकाची उपासमार बरीच पुढे गेलेली असते.

डोळ्याचा हा दोष घालवण्यासाठी जपानमध्ये १९८०च्या दशकात एक हातात मावणारे यंत्र तयार झाले. 'स्पॅड मीटर' या नावाने ते जगभर ओळखले जाते. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे ते पानाला लावायचे. यंत्र पानाच्या चिमूटभर भागातून दोन प्रकारचा प्रकाश आरपार सोडते. एक तांबडा, जो हरितद्रव्य शोषून घेते. दुसरा अवरक्त, ज्याच्याकडे हरितद्रव्य ढुंकूनही पाहत नाही. दोन्हींपैकी किती प्रकाश पलीकडे पोहोचला याची तुलना करून यंत्र एक आकडा दाखवते. पान फाडायचे नाही, प्रयोगशाळेत पाठवायचे नाही. दोन-तीन सेकंदांचे काम. अशी वीस-तीस पाने मोजून सरासरी काढायची. बटाट्यासाठी शेंड्याकडून चौथ्या पूर्ण उमललेल्या पानाची टोकाची पर्णिका मोजतात. बटाट्यातही नत्र जादा झाले की पाला माजतो आणि जमिनीखाली कंद मागे राहतो, म्हणून त्या पिकावर युरोप-अमेरिकेत या मोजणीचे पुष्कळ काम झाले आहे.

यंत्र लाखाच्या घरातले आहे, ते प्रत्येक शेतकऱ्याने घ्यावे असे कुणी म्हणणार नाही. त्याचा गरीब भाऊ म्हणजे पर्णरंग तक्ता. प्लॅस्टिकची एक पट्टी, तिच्यावर पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत चार-सहा छटा. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो आशियात पोहोचवला आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने त्यावर साधे नियम बसवले. भाताची लावणी झाल्यावर चौदा दिवसांनी सुरुवात करायची आणि दर आठवड्याला दहा पाने तक्त्याशी ताडून पाहायची. पाहताना पाठ सूर्याकडे, पान आपल्या सावलीत. दहांपैकी सहा पाने चौथ्या छटेपेक्षा फिकी असतील, तर एकरी २५ किलो युरिया द्यायचा. नसतील तर घरी जायचे. पंजाबसारख्या युरियाबहाद्दर प्रांतात हे जमते, तर खान्देशात रब्बीचा मका झपाट्याने वाढत असताना त्यासाठी का जमू नये? मक्यासाठीही असे नियम तिथे तयार झालेले आहेत.

या मोजणीची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. पान एका हद्दीपर्यंतच हिरवे होते. गरज भागली की त्यानंतर कितीही नत्र ओता, हरितद्रव्य वाढत नाही आणि यंत्राचा आकडाही हलत नाही. म्हणजे पान भूक सांगते, अजीर्ण सांगत नाही. हीच गोष्ट आपल्या सवयीच्या मुळाशी आहे. गर्द हिरवे पान पाहून आपल्याला समाधान वाटते. पण तो गर्द रंग एकरी बारा गोण्यांवरच आला होता की सतरा गोण्यांवर, हे त्या रंगाकडे पाहून कळत नाही.

पिवळे म्हणजे युरिया?

दुसरी अडचण अशी की प्रत्येक फिकट पान नत्रच मागत असते असे नाही. वनस्पतीच्या शरीरात नत्र फिरते. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देते. संसारात आई जसे करते तसेच. म्हणून नत्राची भूक खालच्या पानांवर आधी दिसते. लोह आणि गंधक मात्र असे सहजी फिरत नाही. त्यांची कमतरता वरच्या कोवळ्या पानांत दिसते. आपल्या चुनखडीच्या जमिनींत लोह असूनही मुळांना मिळत नाही, शेंडा पिवळा पडतो, आणि दुकानात गेले की सल्ला मिळतो : युरिया टाका. पाणी साचून मुळे गुदमरली तरी पान पिवळे, पुन्हा युरिया. केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात, त्यातही पानावर पिवळे पट्टे पडतात. ते झाड मुळासकट उपटून नष्ट करणे हा उपाय; त्याला युरिया देणे म्हणजे मावा किडीला जेवणाचे आमंत्रण.

कापसाचा 'लाल्या' हे याचे आणखी बोलके उदाहरण. धुळे, पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कपाशी लाल पडते. संकरित वाणाला एकदम भरपूर बोंडे लागतात, त्यांना नत्र आणि मॅग्नेशियम हवे असते, रात्री थंड होऊ लागतात, जमिनीतली ओल संपते, आणि पानातले हरितद्रव्य मोडून मागे तांबडे रंगद्रव्य उरते. येथे नत्र खरेच कमी पडलेले असते. पण ते बोंडे भरण्याच्या वेळी. जून-जुलैत तीन गोण्या टाकून झालेल्या असतात. त्या नत्राने तेव्हा झाड माजवले, लुसलुशीत पानांवर तुडतुडे आणि मावा पोसला, उरलेले पावसाबरोबर खाली गेले, आणि खरी गरज आली तेव्हा शिल्लक शून्य. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रक्कम पुरेशी होती, वितरणाची तारीख चुकली. पानाची मोजणी ही तारीख दाखवते, म्हणून तिचे मोल.

अडले कुठे?

ज्ञान चाळीस वर्षांचे आहे, मग ते बांधावर का पोहोचले नाही? माझ्या मते याची तीन कारणे आहेत आणि त्यांपैकी एकही शेतकऱ्याच्या अज्ञानाचे नाही.

पहिले कारण वर आलेच आहे. विमा माहितीपेक्षा स्वस्त आहे. दर आठवड्याला दहा पाने ताडून पाहण्यासाठी लागणारा वेळ एका गोणीच्या किमतीपेक्षा महाग पडत असेल, तर माणूस गोणी टाकून मोकळा होतो.

दुसरे कारण, कमी खत विकण्यावर कुणाचेच पोट नाही. खान्देशात शेतकऱ्याचा डॉक्टर म्हणजे कृषी सेवा केंद्राचा चालक. तोच रोग सांगतो, तोच औषध विकतो आणि तोच उधारीही देतो. त्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. पण 'यंदा काही टाकू नका' असे सांगून दुकान चालत नाही. युरियावर त्यांना फारसे सुटत नाही, म्हणून त्याला जोड म्हणून दुसरे काही गळ्यात मारले जाते. पलीकडे शेतकऱ्याला फुकट सल्ला देणारा सरकारी कृषी सहायक अनेक गावांत वाटला गेलेला असतो. अलीकडे नॅनो युरियाची बाटली आली. २०२१मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २० किलो. एक बाटली एका गोणीची जागा घेते या दाव्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला तो उगाच नव्हे.

तिसरे कारण व्यवस्थेचे आहे. पीककर्जाची मर्यादा जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती पीकवार, हेक्टरी ठरवते. एकेकाळी त्यात रोख भाग आणि खतरूपाने मिळणारा वस्तुभाग असे दोन हिस्से असत; १९९८पासून किसान क्रेडिट कार्ड आले आणि रोकड सुटसुटीत झाली. पण हिशेबाचा पाया तोच राहिला : अमुक पीक, अमुक क्षेत्र, अमुक खत. मागल्या वर्षी शेणखत पडले होते का, बेवड हरभऱ्याचा होता की मक्याचा, विहिरीच्या पाण्यातूनच किती नत्र येते, याला त्या रकान्यांत जागा नाही. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिका आली, हे चांगले पाऊल होते. परंतु बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि जिरायतीत दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेऊन दिलेला नत्राचा आकडा संपूर्ण हंगामाला कसा पुरावा? स्फुरद-पालाश जमिनीत तसे बसून राहतात. नत्र हे चालू खाते आहे. पाऊस पडला की शिल्लक बदलते. मृद पत्रिका वर्षारंभीची शिल्लक सांगते, पान आजची सांगते. दोन्ही हवेत.

विहिरीचा हप्ता

आता त्या तिसऱ्या हप्त्याकडे, जो विहीर भरते. जमिनीत युरियाचे आधी अमोनिया होते, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. आपली काळी माती अमोनियाला धरून ठेवते, नायट्रेटला नाही. पाणी खाली निघाले की तेही निघते. युरियाला निंबोळी तेलाचे कवच देण्याची कल्पना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात पुढे आली, ती नायट्रेट होण्याचा वेग मंदावण्यासाठीच. २०१५पासून देशातला सगळा युरिया निंबोळीयुक्त झाला. वेग मंदावला; पण जे पिकाला नकोच आहे, ते आज ना उद्या खालीच जाणार.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा. ती गाठायला किती युरिया लागतो? समजा एका हेक्टरातून वर्षाला २०० मिलिमीटर पाणी झिरपून खाली गेले. ते झाले २० लाख लिटर. त्या पाण्यात एका, फक्त एका गोणीतले नत्र नायट्रेट होऊन मिसळले, तर प्रमाण होते लिटरला जवळजवळ ४६ मिलिग्रॅम. केळीच्या हेक्टरी चाळीस-त्रेचाळीस गोण्यांपैकी एक गोणी खाली गेली तरी पुरे. सगळा दोष युरियाचा नाही, हेही खरे. गावातले उकिरडे, शोषखड्डे, उघडी गटारे यांतूनही नायट्रेट येते, आणि गावठाणातल्या विहिरीत बहुधा त्यांचाच वाटा मोठा असतो. पण शेताच्या मध्यभागी असलेल्या विहिरीला गटाराचे कारण देता येत नाही.

मोठ्या माणसाला हे पाणी लगेच काही करत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. धोका आहे तो सहा महिन्यांच्या आतील बाळाला. नायट्रेटमुळे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात शेतावरच्या विहिरींचे पाणी घालून दूध पाजलेल्या बाळांत हा विकार १९४५ साली एका डॉक्टरने ओळखला. आईचे दूध पिणारे मूल बरेचसे सुरक्षित असते. पावडरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवले जाते तिथे काळजी हवी. आणि घरोघरच्या गृहिणींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि साधा गाळणीचा फिल्टर यांचाही उपयोग नाही, आर.ओ. यंत्राने ते कमी होते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, जलजीवन मिशनखाली गावांना तपासणीच्या पेट्याही दिल्या गेल्या आहेत. ती पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे की वापरात, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

रावेर-यावलच्या भूगर्भातले पाणी वर्षानुवर्षे खोल खोल जात आहे. तापी महापुनर्भरण प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५मध्ये करार झाला. पुराचे पाणी जमिनीत मुरवण्याची ही योजना पुढे सरकावी हीच सर्वांची इच्छा. पण ज्या जमिनीतून ते पाणी मुरेल, तिच्या अंगात काय साठले आहे याचाही विचार त्याच टेबलावर व्हायला हवा.

करता येण्यासारखे

चीनने याच प्रश्नाला हात घातला तो फर्मान काढून नव्हे. २००५ ते २०१५ या दहा वर्षांत तेथील कृषी शास्त्रज्ञ सुमारे दोन कोटी लहान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. भात, गहू आणि मका या पिकांत नत्राचा वापर १५ ते १८ टक्क्यांनी उतरला आणि उत्पादन सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. ते शेतकरी आपल्यासारखेच अल्पभूधारक होते, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे आरंभ अगदी छोटा करता येईल. अमेरिकेत मक्यासाठी एक पद्धत रूढ झाली : शेतात एका पट्ट्याला भरपूर नत्र द्यायचे आणि बाकीच्या पिकाचा पर्णरंग त्या पट्ट्याच्या ९५ टक्क्यांखाली उतरला तरच पुढचा हप्ता द्यायचा. आपण तिची बाजू उलटवू. आपले सारे शेतच भरपूर खाल्लेले असते. म्हणून दोन ओळी मुद्दाम पाव भाग कमी युरियावर ठेवाव्यात आणि खुणेला काठी रोवावी. पान तेवढेच हिरवे राहिले आणि वजनकाट्यावर घडही तेवढाच उतरला, तर पुढच्या वर्षी दोनाच्या वीस ओळी कराव्यात. यात यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. पडले-झडले तर दोन ओळींचेच.

त्यापुढचे काम संस्थांचे आहे. तक्त्यावरची कोणती छटा म्हणजे केळीची भूक, कोणता आकडा म्हणजे कपाशीचा इशारा, हे लुधियानाहून उसने आणता येत नाही. आपल्या वाणांसाठी, आपल्या मातीसाठी ते इथेच ठरवावे लागते. जळगावचे केळी संशोधन केंद्र, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, दोन्ही जिल्ह्यांची कृषी विज्ञान केंद्रे हे काम करू शकतात. असा ठरवलेला तक्ता बियाण्याच्या पिशवीबरोबर घरोघर जावा. फवारणीचा पंप जसा भाड्याने मिळतो तसे शेतकरी उत्पादक कंपनीने एक मीटर घ्यावे आणि विज्ञान शिकलेल्या गावातल्या मुला-मुलींना पाने मोजण्याचा मेहनताना द्यावा. बँकांनाही करता येण्यासारखे आहे. पीकपाहणीचा अहवाल आम्ही 'पीक समाधानकारक' अशा दोन शब्दांत लिहीत असू. त्यात पानाच्या आकड्याचा आणि विहिरीच्या नायट्रेटचा असे दोन रकाने वाढवायला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नाही. ठिबकचे कर्ज देताना ठिबकमधून खत हप्त्याहप्त्याने सोडण्याचे वेळापत्रकही सोबत द्यावे. नळ्या तर बहुतेकांच्या बागेत आधीच आहेत.

आणि सरकारने वाचलेल्या गोणीचा हिशेब शेतकऱ्याला द्यावा. एक गोणी कमी उचलली की अनुदानाचे जे पैसे तिजोरीत राहतात, त्यांतला वाटा अंगठ्याच्या त्याच यंत्रावरून शेतकऱ्याच्या खात्यात जमा होऊ शकतो. तसे झाले तर काटकसरीलाही भाव येईल. आज तो फक्त उधळपट्टीला आहे.

येत्या मृगातही युरियाची रांग लागेल, तिची बातमीही येईल. त्या दिवशी रांगेत उभे राहण्याआधी शेतात जाऊन दहा पाने पाहणारे शंभर शेतकरी जरी या दोन जिल्ह्यांत निघाले, तरी पुष्कळ झाले. त्यांच्या विहिरींचे पाणी पुढे त्यांचीच नातवंडे पिणार आहेत.